व्हिडिओ अडखळतोय? आधी पैसे काढू नका



मागच्या मासिक सभेत तीन गावांतल्या ताईंनी एकच तक्रार मांडली. शूटिंग चांगलं होतं, मोबाईलवर व्हिडिओ बिनघोर चालतो, पण लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला की अडखळायला लागतो. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहतं. लाटणं फिरवणारा हात मध्येच थबकतो आणि पुढच्या क्षणी पापड लाटून तयार! एक ताई तर म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी भलतं बटण दाबलं गेलं असणार." आणि सभेच्या शेवटी विषय आला, की संघासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा ठराव करू या.

ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवलाय. तोवर हा पाठ वाचा आणि आपापल्या व्हिडिओवर करून बघा. ज्या ताई एडिटिंग करत नाहीत त्यांनीही वाचा, कारण पैसे सगळ्यांचे आहेत आणि सही तुमचीही लागणार आहे.

भलतं बटण वगैरे काही नसतं. हे मी ठामपणे सांगते, कारण या बाबतीत नुकसान करून घेतलेली पहिली बाई मीच आहे.

माझं काय झालं

आमच्या ग्रामसंघाच्या वाटचालीचा व्हिडिओ करायचा होता. पहिल्या गटाच्या पहिल्या सचिव असलेल्या आजींची मुलाखत घेतली, चांगली चाळीस मिनिटांची. बचतीचे दहा-दहा रुपये तांदळाच्या डब्यात कसे लपवून ठेवायच्या, घरात कळल्यावर काय रामायण झालं, बँकेत पहिल्यांदा गेल्या तेव्हा शिपायाने कसं दारातच उभं केलं, हे सगळं आजींनी हातवारे करून सांगितलं. घरी येऊन व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला तर तो ठेचकाळत चालायला लागला. आजींचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालूच.

मला वाटलं व्हायरस शिरला. लॅपटॉप उचलला आणि तालुक्याला एका दुकानात नेला. मीच त्यांना सांगितलं, "व्हायरस आहे, बघा." त्यांनी विचारलं, डेटा लागतो का? मी म्हटलं, हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर आहेत, बाकी काही नको. मुलाखत डेस्कटॉपवर पडलेली आहे हे डोक्यातून पार गेलं होतं, आणि फोनमध्ये जागा व्हावी म्हणून तिथून मी ती आदल्या रात्रीच पुसली होती. लॅपटॉप फॉरमॅट झाला. आठशे रुपये गेले. दुसरा व्हिडिओ टाकून बघितला, तर तोही तसाच अडखळतोय.

पुन्हा आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मागं सगळं सांगितलं की गं तुला. आता परत काय सांगू?" पंधरा मिनिटांत मुलाखत आटोपली. तांदळाच्या डब्याची गोष्ट एका वाक्यात संपली.

म्हणून या पाठातली पहिली गोष्ट हीच: व्हिडिओ अडखळला म्हणून मूळ फाईल कधी पुसू नका, आणि दुरुस्तीला लॅपटॉप देण्याआधी मूळ फाईल दोन ठिकाणी आहे ना ते बघा. अडखळणारा व्हिडिओ बहुतेक वेळा खराब झालेला नसतोच.

खराब आहे की नाही, हे वीस सेकंदांत कळतं

आपल्या संघाच्या लॅपटॉपवर शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे. चोरून घेतलेलं नाही, मुळातच सगळ्यांसाठी खुलं केलेलं आहे. पुढच्या सूचना त्यावरच्या आहेत, पण केडेनलाइव्ह किंवा दुसरं काही वापरत असाल तरी कारणं तीच. आवृत्ती बदलली की मेनूची जागा थोडी इकडेतिकडे होते, तेवढं शोधून घ्या.

एक नवीन प्रोजेक्ट उघडा. अडखळणाऱ्या व्हिडिओचा वीस सेकंदांचा तुकडा त्यात घ्या. काहीही न करता तो एक्स्पोर्ट करा, म्हणजे तयार व्हिडिओ म्हणून बाहेर काढा. ही तयार झालेली फाईल आता नेहमीच्या प्लेअरमध्ये लावून बघा.

ती नीट चालली, तर तुमचा व्हिडिओ ठणठणीत आहे. अडखळत होतं ते फक्त काम करतानाचं दर्शन, ज्याला प्रीव्ह्यू म्हणतात. गिऱ्हाईक जो व्हिडिओ बघणार आहे त्यात तो दोष उतरलेला नाही. कितीतरी ताई इथेच घाबरून सगळं काम सोडून देतात, आणि झालेलं काम तर चांगलं असतं!

तयार फाईलही अडखळली, तर मात्र दोष मूळ शूटिंगमध्ये आहे किंवा फाईल अर्धवट कॉपी झाली आहे. फोनमधली मूळ फाईल लावून बघा. तिथे नीट असेल तर पुन्हा केबलने कॉपी करा.

मग अडखळतो का?

इथे जरा थांबू या, कारण हे एकदा समजलं की पुढचे सगळे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक भरभर दाखवलेले फोटो. फोन साधारणपणे एका सेकंदात ३० फोटो घेतो. एकेका फोटोला फ्रेम म्हणतात. म्हणजे लॅपटॉपला एक फ्रेम तयार करून पडद्यावर दाखवायला सेकंदाचा तिसावा भागच मिळतो. तेवढ्यात जमलं नाही तर शॉटकट ती फ्रेम सोडून देतं आणि पुढची धरतं, म्हणजे आवाज तरी वेळेवर राहावा. सोडून दिलेल्या त्या फ्रेमांमुळे आपल्याला लाटण्याचा हात उडी मारताना दिसतो.

पण फोटो दाखवायला एवढे कष्ट का पडतात? तर व्हिडिओच्या फाईलमध्ये सगळे फोटो पूर्ण साठवलेले नसतात. तसे साठवले तर पाच मिनिटांच्या व्हिडिओने अख्खा फोन भरेल.

आपलं रोख पुस्तक डोळ्यासमोर आणा. महिन्याच्या सुरुवातीला आरंभीची शिल्लक लिहितो. त्यानंतर रोजच्या फक्त जमा-खर्चाच्या नोंदी. आता कोणी विचारलं, "१७ तारखेला पेटीत किती होते?", तर आकडा आयता लिहिलेला नाही. सुरुवातीच्या शिल्लकेपासून एकेक नोंद मिळवत-वजा करत १७ तारखेपर्यंत यावं लागतं. व्हिडिओचंही तसंच आहे. मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण असते, आणि तिच्यानंतरच्या फ्रेमांमध्ये फक्त "आधीपेक्षा काय बदललं" तेवढंच लिहिलेलं असतं. मागची भिंत तीच, चूल तीच, फक्त हात हलला, तर हाताचीच नोंद.

साध्या प्लेअरमध्ये हाच व्हिडिओ का नीट चालतो, तेही यातून कळेल. प्लेअर पहिल्या पानापासून सरळ वाचत जातो, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या सरळ वाचनासाठी खास मदतनीस चिप असते. एडिटिंगमध्ये आपण मध्येच कापतो, मागे जातो, पुढे उडी मारतो. प्रत्येक उडीला लॅपटॉपला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून पुन्हा बेरीज करत यावं लागतं. वर आपण गटाचं नाव लिहिलेलं असतं, गाणं लावलेलं असतं, रंग उजळवलेला असतो. हे सगळं त्याच तिसाव्या भागात.

नोंदी लिहिण्याच्या पद्धतींनाही नावं आहेत. एक जुनी, एच.२६४. ती २००३ साली ठरली आणि आता जवळपास कुठेही चालते. दुसरी एच.२६५, तिलाच एचईव्हीसी म्हणतात, ती २०१३ ची. तिच्यात नोंदी फार आटोपशीर असतात. तेवढ्याच चांगल्या चित्राची फाईल सुमारे निम्म्या आकाराची होते. फोनची जागा वाचते म्हणून बरेच नवे फोन हीच वापरतात. पण आटोपशीर लिहिलेलं उलगडायला डोकं जास्त लागतं. सात-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपला ते झेपत नाही.

आता त्यात फोर के ची भर. आपला नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख ठिपके. फोर के ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट! फोनमध्ये कोणी सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम ठेवल्या असतील तर काम आठपट. सभेतल्या तीन ताईंचे फोन आम्ही पाहिले. दोघींचे फोर के ६० वर होते. दिवाळीला मुलांनी फोन घेऊन दिला आणि "आई, भारीतलं सेटिंग करून दिलंय" म्हणून सांगितलं. मुलांचं प्रेम खरं आहे, पण व्हॉट्सॲपवर बघणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या फोर के मधलं काहीही दिसत नाही.

कोण दमलंय ते बघा

लॅपटॉप अडखळतो म्हणजे त्याच्या आत कोणीतरी एक मागे पडलेला असतो. तो कोण हे न बघता पैसे घालवणं म्हणजे ताप कशाचा ते न तपासता सलाईन लावण्यासारखं. माझे आठशे तसेच गेले.

व्हिडिओ अडखळत चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने आणि त्यांच्यावर टक्के दिसतात. दोन मिनिटं नुसतं बघत बसा आणि कागदावर लिहून ठेवा.

सीपीयू नव्वद-शंभरला चिकटला असेल, तर नोंदी उलगडणारा प्रोसेसर दमला आहे. उपाय पुढे देते, आणि तो फुकट आहे.

मेमरी भरलेली दिसली तर आधी इंटरनेटचं ब्राउझर बंद करा. एडिटिंग करताना मागे यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब आणि दहा पानं उघडी ठेवायची सवय मलाही होती. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपला एवढं पुरत नाही. सगळं बंद करूनही मेमरी भरलेलीच राहिली, तर रॅम वाढवण्याचा विचार रास्त आहे.

डिस्क शंभरवर असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे मागे विंडोजचं अपडेट किंवा व्हायरस तपासणी चालू आहे. ती संपू द्या, तोवर भाजी टाका. दुसरी, तुम्ही व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून किंवा फोनच्या कार्डावरूनच थेट चालवताय. ते कधी करू नका. साधी पेन ड्राइव्ह एवढ्या वेगाने माल पुरवू शकत नाही. आधी सगळे व्हिडिओ लॅपटॉपमध्ये एका फोल्डरमध्ये कॉपी करा, त्या फोल्डरला नाव द्या आणि मगच शॉटकटमध्ये घ्या. घेतल्यानंतर तो फोल्डर हलवायचा नाही, नाव बदलायचं नाही. नाहीतर शॉटकटला फायली सापडत नाहीत आणि पुन्हा आपण म्हणणार व्हिडिओ उडाला. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर ती निळ्या खाचेत लावून बघा. निळी खाच सहसा वेगवान यूएसबीची असते.

सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तरी सगळंच मंदावतं. थोडी मोकळी जागा कायम ठेवा.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच रकान्यात दिसत नाही: गरमी. लॅपटॉप गोधडीवर किंवा मांडीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते. तापला की तो स्वतःला जळण्यापासून वाचवायला मुद्दाम हळू चालतो. आमच्या एका सीआरपी ताईंचा व्हिडिओ सकाळी नीट चालायचा आणि दुपारी पत्र्याखाली बसलं की अडखळायचा. लाकडी पाटावर ठेवून पंखा लावला, बराच फरक पडला. चार्जरही लावलेला ठेवा. बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला आपला वेग कमी करतात.

फुकटचे उपाय

सगळ्यात सोपा उपाय आधी. शॉटकटच्या सेटिंग्ज मेनूमध्ये 'प्रीव्ह्यू स्केलिंग' आहे. ते ५४० किंवा ३६० वर करा. काम करताना दिसणारं चित्र थोडं धूसर होईल, पण लॅपटॉपवरचं ओझं कमी होईल. तयार व्हिडिओ धूसर होत नाही, घाबरू नका. फक्त एक्स्पोर्ट करताना 'यूज प्रीव्ह्यू स्केलिंग' या चौकोनात खूण नाही ना, तेवढं बघा.

यानेही भागलं नाही तर प्रॉक्सी. हा शब्द अवघड वाटला तरी काम रोजचं आहे. बँकेचं मूळ पासबुक आपण सभेत सगळ्यांच्या हातात फिरवतो का? त्याची झेरॉक्स काढतो, तिच्यावर खुणा करतो, आणि मूळ कपाटात राहतं. प्रॉक्सी म्हणजे व्हिडिओची झेरॉक्स. शॉटकट मोठ्या व्हिडिओची एक हलकी, उलगडायला सोपी प्रत बनवतं. आपण कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करतो. शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर आपणहून मूळ फाईल वापरतं, म्हणून तयार व्हिडिओ मूळ दर्जाचाच येतो.

सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' उघडून 'यूज प्रॉक्सी'ला खूण करा. त्यानंतर व्हिडिओ आत घेतले की बाजूला 'जॉब्स' नावाच्या खिडकीत प्रत बनवण्याचं काम सुरू झालेलं दिसेल. आधीच घेतलेल्या व्हिडिओसाठी तो निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये प्रॉक्सी बनवायला सांगता येतं. या कामाला वेळ लागतो. वीस मिनिटांच्या फोर के शूटिंगला जुन्या लॅपटॉपवर तासभरही लागेल. रात्री लावून झोपा. त्या वेळात एडिटिंग करायला गेलात तर आणखी अडखळेल आणि तुम्ही म्हणाल ताईंनी सांगितलेला उपाय फसला. सगळी जॉब्स संपू द्या, मग बसा.

इफेक्टचंही एक सांगते. हलणारं चित्र स्थिर करणारा, कडा धूसर करणारा, रंग बदलणारा, असे तीन-चार फिल्टर एकावर एक लावले की कुठलाही साधा लॅपटॉप दमतो. फिल्टरच्या नावापुढे खूण असते. काम करताना ती काढून ठेवा आणि शेवटी परत लावा. तसं बघितलं तर पापडाच्या व्हिडिओला एवढे फिल्टर लागतात कशाला, हा माझा आपला प्रश्न आहे.

प्रोजेक्टची मापंही तपासा. 'व्हिडिओ मोड' 'ऑटोमॅटिक' असेल तर शॉटकट पहिल्या व्हिडिओचीच मापं सगळ्या प्रोजेक्टला लावतं. पहिला तुकडा फोर के ६० चा टाकलात तर पुढचे साधे तुकडेसुद्धा त्याच मापाने चालवायला बघतं. म्हणून सुरुवातीलाच १०८० आणि सेकंदाला ३० फ्रेम असा मोड निवडा. उभा व्हिडिओ करायचा असेल तर तसा उभा निवडा.

चित्र नीट, पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत

हा दुखण्याचा वेगळा प्रकार आहे. सुरुवातीला सगळं बरोबर असतं आणि पाच-दहा मिनिटांनी आवाज हळूहळू सरकतो. लॅपटॉप कितीही नवा असला तरी हे होऊ शकतं, कारण दोष शूटिंगच्या ठेक्यात आहे.

फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण नेहमी तेवढ्याच घेत नाही. अंधार असला, फोन तापला की कधी २४, कधी २८ अशा घेतो. अंधाऱ्या माजघरात दहा मिनिटं मुलाखत घेतली तर हे हमखास दिसतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र एकसारखा ठेका हवा असतो. शॉटकटला असा व्हिडिओ दिसला तर ते स्वतःच विचारतं, 'कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली' करू का? आपण इंग्रजी खिडकी बघितली की घाईने बंद करतो. बंद करू नका, हो म्हणा. तीन दर्जे देतं, त्यातला पहिला, 'गुड', आपल्या कामाला पुरे. नवी फाईल मूळपेक्षा मोठी होते, म्हणून जागा आहे ना बघून घ्या. मूळ फाईल तशीच राहते.

आजींच्या दुसऱ्या मुलाखतीला मी खाट अंगणात टाकायला लावली, उजेडात. आवाज एकदाही सरकला नाही.

शूटिंगच्या आधी फोनमध्ये बघा

खरं तर अर्धं दुखणं इथेच थांबतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा आकार फुल एचडी, म्हणजे १०८०, आणि फ्रेम ३० ठेवा. 'हाय एफिशिएन्सी' किंवा 'एच.२६५' असं काही चालू असेल तर ते बंद करा किंवा 'एच.२६४' निवडा. काही फोनमध्ये हे आतल्या प्रगत पर्यायांत लपलेलं असतं, दोन मिनिटं शोधावं लागतं. फाईल मोठी होईल, म्हणून शूटिंगला जाताना फोनमध्ये जागा करून जा. जागा करताना काय पुसताय ते मात्र दोनदा बघा. माझी गोष्ट वाचलीत ना.

एका गटातल्या ताईंनी दुसऱ्या गावातून शूटिंग पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवू नका. व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं आणि हळदीचा रंगसुद्धा मळकट दिसतो. पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी जाते. नेट कमी असेल तर सरळ सभेच्या दिवशी केबल घेऊन या.

ज्या ताई फोनवरच एडिटिंग करतात त्यांनाही यातलं बरंच लागू आहे. फोनची जागा भरलेली, बॅटरी सेव्हर चालू आणि फोन तापलेला, या तीन गोष्टी आधी बघा. मागची ॲप बंद करा. फोर के आणि भरपूर इफेक्ट फोनलाही दमवतातच.

लॅपटॉपच्या ठरावाचं काय?

तिघींचे व्हिडिओ घेऊन आम्ही परवा संघाच्या लॅपटॉपवर बसलो. दोघींचे सीपीयूमुळे अडखळत होते. प्रॉक्सी करून, मोड १०८० आणि ३० फ्रेमांवर आणल्यावर दोन्ही चालले. त्यातला एक नाचणीच्या पापडांचा, तो त्याच दिवशी पूर्ण झाला. तिसरा मात्र उपाय करूनही रडत होता आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभरवर दिसत होती. अपडेट चालू नव्हतं, पेन ड्राइव्हही नव्हती. म्हणजे लॅपटॉपची जुनी फिरती हार्ड डिस्कच मागे पडते आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली तर नव्या लॅपटॉपच्या मानाने फार थोड्या पैशात काम होईल असं दिसतंय.

तेव्हा पुढच्या सभेत "नवीन लॅपटॉप" असा ठराव न मांडता "एसएसडी बसवणे" असा मांडू. दोन दुकानांतून लेखी दर आणायचं काम लिपिका ताईंनी घेतलंय. डिस्क बदलण्याआधी लॅपटॉपमधलं सगळं दोन ठिकाणी कॉपी करायचं काम मी घेतलंय. ज्यांचे व्हिडिओ संघाच्या लॅपटॉपवर पडलेले असतील त्यांनी सभेच्या आधी कळवा, कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तेही सांगा. डेस्कटॉपवर असतील तर आवर्जून सांगा.

आणि येताना कागदावर टास्क मॅनेजरचे तीन आकडे लिहून आणा: सीपीयू, मेमरी, डिस्क.